भिंगरीचा श्वास

४ फेब्रुवारी

जुनी लाल सायकल दुरुस्त करून आणली. तिची खरी किंमत: माझे दोन रविवार, एक उसण भरलेली कंबर आणि बायकोचा तीन दिवसांचा अबोला. ती म्हणत होती, पोरीला इतक्यात सायकल नको. मी ऐकतो कुठे! भिंगरी नऊ वर्षांची, एकुलती एक. ऑक्टोबरात तापाची एक गोळी उलटली आणि अंगाची सालटी निघाली, महिनाभर हॉस्पिटलात. आता कातडी नवी कोरी. दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलंय — पोरगी ठणठणीत!

९ फेब्रुवारी

भिंगरी कोपऱ्यापर्यंत जाते, उतरते, बुटाची नाडी बांधत बसते. आळशी म्हटलं तिला. पाण्याचा पंप उघडून जोडला की थोडा पळवावा लागतो, तरच मोकळा होतो. तेच शहाणपण पोरीला लावलं — रोज सायकलवर गल्लीला तीन फेऱ्या. तीस वर्षं पंप दुरुस्त करतोय. गेलेलं बेअरिंग रस्त्यावरून, नुसत्या आवाजाने ओळखतो. डॉक्टर तरी वेगळं काय करतात?

१३ फेब्रुवारी

खोकला. बायको म्हणाली, पाठीवर कान लावून बघा. लावला. कारागिराचं निदान: सर्दी.

१८ फेब्रुवारी

दुसऱ्या फेरीत मटकन बसली. ओठ निळसर. उचलून दवाखान्यापर्यंत पळालो. धाप मलाही लागली, पण मी बोलू शकत होतो. ती नाही.

२१ फेब्रुवारी

छातीच्या डॉक्टरीणबाई. भिंगरीला नळीत फुंकायला लावलं, छातीचे फोटो काढले. म्हणाल्या, कातडीसारख्याच फुप्फुसातल्या बारीक नळ्याही तेव्हा आतून सोलल्या होत्या. भरताना व्रण धरून आवळल्या. दमा नाही. क्वचित एखाद्या मुलाला होतं.

मी सवयीने विचारून बसलो, "भाग बदलता येईल का?"

त्या हसल्या नाहीत. "आवळल्या त्या आवळल्या. उरलेल्या जपू या."

मग बाईंनी विचारलं, सायकलच्या फेऱ्या मारायला कोणी सांगितलं. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. केवढे उपकार!

२२ फेब्रुवारी

दम कधीपासून लागतो, असंही काल बाईंनी विचारलं होतं. मी ठासून सांगितलं — चार दिवस. आज मास्कमधून औषध घेऊन झाल्यावर भिंगरी हळूच म्हणाली, "हॉस्पिटलातून घरी आले तेव्हापासून, बाबा. पण तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना, मी बरी झाले म्हणून."

तीन महिने. माझ्याच शेजारी झोपते.