आंदणाची यादी

३ नोव्हेंबर १९५७, रविवार
भैयासाहेब आले होते. जहागीर गेली, मोटार अजून आहे. आमच्या बोळात ती शिरेना, म्हणून चिंचवड गावठाणाच्या तोंडाशी ठेवून चालत आले, नाकाला रुमाल लावून. घरमालक गेनभाऊ चाकणच्या बाजाराला कांदा घेऊन निघाले होते, ते बैल धरून तिथेच उभे राहिले.

काम असं. मोठ्या कन्येचं दिल्लीला जमतंय. मुलगा बडा अधिकारी, घराणं जुनं. त्या लोकांच्या हातात द्यायला आपल्या घराण्याचा इतिहास छापायचा आहे. चौदा पिढ्या, सगळी वंशावळ. "गढीचं दप्तर तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, भगवान. अक्षरही तुझंच."

घरात खुर्ची एकच. ते बसले, मी उभा. माझ्याच घरात. आई दाराआड पदर ओढून उभी. तिने आम्हा दोघांना एकदमच पाजलं. ते माझ्याहून सहा महिन्यांनी धाकटे. बाप एक, पण ते बाईसाहेबांचे आणि मी दासीचा. मला हे लिहायची गरज नव्हती, तरी लिहिलं.

हो म्हणालो. का म्हणालो ते मला माहीत आहे.

९ नोव्हें.
तापीकाठच्या गढीवरून दप्तराच्या दोन पेट्या रेल्वेने आल्या. स्टेशनवरून हातगाडीने घरी. गेनभाऊ म्हणाले, "राव, तुमी दरबारातले, आन् आमाला सांगितलं न्हाई. तुमच्याम्होरं बिडी वढायची लाज वाटती आता." ओढली मात्र.

पिंपरीच्या कारखान्यात मस्टरवर माझं नाव भगवानसिंग आहे. 'सिंग' मीच चिकटवलं, भरतीच्या दिवशी. कारकुनाने पूर्ण नाव विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. गढीवर मी नुसता भगवान.

२१ नोव्हें.
सकाळची पाळी. तीनला घरी, मग दिवेलागणीपर्यंत लेखन. मूळ पुरुष राजपुतान्यातून आले, अकरा गावं मिळवली, रावळ म्हणवू लागले. इथवर ठीक. तिसरे रावळ एका लढाईतून एकटेच परतले. कागद सरळ म्हणतो, पळाले. मी 'सैन्य राखून माघार' लिहिलं. सैन्य कुठलं राहिलं होतं देव जाणे.

२४ नोव्हें.
सातवे दत्तक. आठवेही दत्तक. कुठल्या तरी लांबच्या भाऊबंदाचं पोर उचलून आणलं, सकाळी होम केला, दुपारी ते रावळ झालं. मी त्याच गढीत जन्मलो, नाक थोरल्या सरकारांचं घेऊन. माझ्यासाठी कुणी होम केला नाही.

पस्तिशी आली, लग्न नाही. दोन ठिकाणी बोलणी झाली. कूळ विचारलं की मी खाली बघतो, तिथेच सगळं संपतं.

८ डिसेंबर, रविवार
भै.सां.चं पत्र. 'मातोश्रींच्या विवाहाचे प्रकरण भरघोस हवे. आंदणात काय काय आले ते सविस्तर लिहावे. त्या लोकांनाही कळू दे.'

दुसरी पेटी उघडली. यादी सापडली, लाल फडक्यात बांधलेली, खाली शिक्का. बाईसाहेब माळव्यातून आल्या तेव्हा माहेरने सोबत काय दिलं ते सगळं. घोड्या दोन. चांदीच्या पायांचा पलंग एक. हंडे, घागरी, पराती. आणि पराती संपून उंट सुरू व्हायच्या मधे एक ओळ:

'छोकऱ्या दोन. केसर, वय सात. रूपा, वय सहा.'

केसर म्हणजे माझी आई.

ती आंदणात आली हे माहीत होतं. गढीवर सगळ्यांनाच माहीत असतं. पण परातीनंतर, उंटाच्या आधी, हे माहीत नव्हतं.

नंतर वर्षं मोजली. ते लग्न माझ्या जन्माच्या दहा वर्षं आधीचं. म्हणजे मी झालो तेव्हा आई सतरा वर्षांची. थोरले सरकार चाळिशीला टेकलेले. आजवर त्यांना मनातल्या मनात आबा म्हणत आलो. मोठ्याने म्हणायची सोयच नव्हती. आता मनातही म्हणवत नाही.

९ डिसें.
सांगावं की नाही. सांगितलं. ती भाकरी थापत होती.
"मग आज मी कितीची?"
बावन्न.
"मले वाटलं साठी उलटली." हसली. कंबर दुखते ती मग वयाने नव्हे, म्हणाली.

यादी पहिल्यापासून वाचायला लावली. मधे थांबवून म्हणते, "घोड्या तीन होत्या. एक वाटेत लंगडली, तिला माघारी धाडलं." लंगड्या घोडीला माहेरी जाता आलं.

रूपाच्या नावापाशी तिने हात वर केला. पुढे वाचू दिलं नाही. तव्यावरची भाकरी करपली. रूपा कोण, कुठली, तिलाही नीट ठाऊक नाही. निघताना दोघींना एका उंटावर बसवलं, तिथे पहिली भेट. गढीवर दोघींत एक गोधडी. पहिल्याच थंडीत रूपा तापाने गेली. शेताच्या बांधापलीकडे पुरली. "तिचं नाव घेणारी मी एकटीच," म्हणाली.

आई रूपाबद्दल इतक्या वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती.

१५ डिसें.
यादी जशीच्या तशी उतरवली. सविस्तर लिहा असा हुकूम होता. घोड्या मात्र दोनच ठेवल्या, कागदात आहेत तेवढ्याच.

५ जानेवारी १९५८, रविवार
भै.सा. आले. सगळं वाचलं. खूश होते. तिसऱ्या रावळांची माघार तर दोनदा वाचली. आंदणापाशी आले आणि पेन्सिल मागितली. ती ओळ खोडली, अगदी हळू, कागद फाटू नये म्हणून.
"एवढं काढ."
मी म्हणालो, सविस्तर लिहा म्हणाला होतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोललो.
"काळ बदललाय, भगवान. त्यांच्याही घरी हेच होतं. पण छापलेलं कुणाला नको असतं."

मग पेन्सिल माझ्या हातात परत दिली. "तू मस्टरवर सिंग लावलंस ते आम्हाला कळलंय. रागावलो नाही. वंशावळीत घालू तुला. आमच्या नावाशेजारी, भगवानसिंग. आम्ही स्वतः खाली सही करू. तेवढं पान नीट करून दे."

आई चहा घेऊन आली. तिच्याकडे न बघता त्यांनी कप घेतला. पुढच्या रविवारी गढीचा माणूस कागद न्यायला येईल, मग ते पुण्याला छापखान्यात जातील. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोही पहिल्यांदाच.

८ जाने.
चीड कशाची, तर मला आनंद झाला याची. आधी आनंदच झाला. लाज मागून आली. पाळीवर दिवसभर ते नाव मनात लिहून बघत होतो, कुठल्या टाकाने, केवढ्या अक्षरात.

संध्याकाळी गेनभाऊंना सगळं सांगितलं. मी कोण, आई कोण. वाटलं, आता राव म्हणायचं सोडतील. "नाव लागलं तर सोयरीक जमंल, राव. त्ये काय खोटं न्हाई." बिडी विझवली. "पर आईला इचारलं का?"

नव्हतं विचारलं.

१० जाने.
विचारलं. वाटलं होतं रडेल. तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.
"माझं खोड. मी हाये ना इथं, दिसते ना सगळ्यांले." थोड्या वेळाने म्हणाली, "पण रूपाचं खोडलं तर ती गेलीच रे." मग, "तुझं तू ठरव."
तिचा संताप आला. पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांचे हुकूम ऐकले, एकदा तरी स्वतः एक करावा. माझ्याकडून सुटत नाही म्हणून तिच्यावर ओरडलो. ऐकून घेतलं तिने. तिला सवय आहे.

११ जाने., शनिवार
दोन्ही पानं लिहून झाली. एकात मी आहे, एकात त्या दोघी. शाई वाळली. उद्या माणूस येईल. कुठलं द्यायचं ते अजून

दुपारी आई जवळ येऊन बसली. यादीचं पान परत वाच म्हणाली. या वेळी रूपाच्या नावापाशी थांबवलं नाही. वय काय लिहिलंय, विचारलं. सहा, म्हणालो.

"सहा," म्हणाली. "तरीच एवढी रडायची. मी मारायची रे तिला, गप बस म्हणून."