पप्पांच्या जीपची चासी

नॅथन,

पप्पांना थांबव, असं तू फोनवर सांगतोस. पण नजर गेल्यापासून ते त्या जुन्या जीपसाठीच अंथरुणातून उठतात रे. आज शकूरमिस्त्री आले. नवं डिझेल इंजिन बसेना, म्हणून चासीचा, म्हणजे जीपच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा, आडवा दांडा कापायचा होता.

“सर, एकदा कापलं की पयल्यासारखं व्हनार न्हाई,” ते म्हणाले.

“कापा,” पप्पा म्हणाले.

दांडा कापला आणि चासी एका बाजूला खचली. मिस्त्रींनी हताशपणे माझ्याकडे पाहिलं.

“दीना, सरळ आहे ना?” पप्पांनी विचारलं.

“हो पप्पा.”

आता ते स्टिअरिंगवर बसून मला हाका मारतायत. हे तुला पाठवणार नाही. जाऊन त्यांच्या शेजारी बसते.

तुझी ताई,
दीना