नुसत्या पाल्याची बशी

रोहा, ४ फेब्रुवारी १९९६

ती. श्यामलाआत्यास, तनयाचा सा. न. वि. वि.

तुझा नागिणीचा पाला कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासला. झाडाचं नाव सांगितलं की गुण जातो म्हणतेस, म्हणून वहीत ‘नमुना १७’ लिहिलं. आमच्याकडे आहे तो नागिणीच्या विषाणूचा चुलतभाऊ. आजार बरा झाला तरी तो नसांत झोपून राहतो आणि माणूस थकला की उठतो. तुझ्या पाल्याच्या अर्कात तो उठला नाही. प्रयोग एकदाच केला आहे. बाबांना सांग.

लोभ आहे तसा राहू दे.
तनया

पेण, १२ फेब्रुवारी

चि. तनयास अ. उ. आ.

तुझं पत्र बाबांनी आल्यागेल्याला वाचून दाखवलं, ‘एकदाच’ची ओळ गाळून. जिते गावची धोंडुबाई म्हणाली, आता पाल्याला कंपनीचा शिक्का हाय, आता तुम्ही आम्हांला वळखणार नाय गो.

परवापासून बाबांच्याच कपाळावर नागीण आहे, डाव्या डोळ्यापर्यंत. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, माझ्या मुलीने सिद्ध केलंय, पाला लाव. लावते आहे. तुझं मत कळव.

माया असू दे.
आत्या

रोहा, १९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांना मुंबईच्या दवाखान्यात ठेवून आले. औषध तीन दिवसांत सुरू व्हायला हवं होतं; आम्ही सातव्या दिवशी पोचलो. डाव्या डोळ्याला फक्त उजेड कळेल.

तोंडाने सांगितलं नाही ते लिहिते. पहिल्या प्रयोगात एक बशी ठेवायची राहिली होती: जिवंत पेशींवर नुसता पाला, विषाणू नाही. दुसऱ्या वेळी ठेवली. तिच्यातल्या पेशी मेल्या. म्हणजे पाला विषाणूला झोपवत नव्हता; तो ज्या पेशींत उठला असता त्याच मारत होता.

हे मला ११ तारखेला कळलं. एक कार्ड पुरलं असतं. पण माझ्या कामाबद्दल बाबांचं पहिलंच पत्र त्याच दिवशी आलं होतं. म्हटलं, तिसऱ्यांदा करून मग कळवू.

मला सध्या काहीच वाटत नाही. बाबांना सांगायचं का, तू ठरव.

तनया

पेण, ३ मार्च

चि. तनयास अ. उ. आ.

बाबा घरी आले. कपाळाला हात लावला तरी कळत नाही म्हणतात. पत्रं मीच वाचून दाखवते. तुझं नवं पत्र वाच म्हणाले, तेव्हा मी जुनंच वाचलं. ‘एकदाच’पाशी त्यांनी थांबवलं. म्हणाले, ही ओळ मी गाळली होती, तिला कळव. मग म्हणाले, आता खरं पत्र वाच. वाचलं.

काल धोंडुबाई एका बाईला पाल्यासाठी घेऊन आली. दोघींना सरकारी दवाखान्यात पाठवलं.

झाडाचं नाव मागच्या बाजूला लिहिलं आहे. वहीत सतराच्या पुढे घाल.

येत जा.
आत्या