सृजनाचा सिग्नल आणि तुमची खोली

प्रिय मोहोळकर सर,

आज दुपारी तुमच्या खोलीची किल्ली कार्यालयात जमा केली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहायला बसले. तुम्ही निवृत्त झाल्यापासून गुरुत्वीय लहरींचा गट मी सांभाळते आहे, आणि खोली माझ्या हातून गेली.

सोलापुरात बी.एस्सी.च्या मुलांना कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली लहर शोधायला बसवणारे तुम्हीच. आठवतं का, पहिल्या तासाला म्हणाला होतात, यंत्रमागांच्या धडधडीत कुणीतरी हळूच मारलेली हाक ऐकायची आहे? तेव्हा सृजना म्हणाली होती, "सर, आमच्या घरी रोज तेच करतो की." केवढे हसला होतात तुम्ही.

यंदा तिलाच वेधशाळांच्या खुल्या डेटात एक सिग्नल सापडला. एकमेकींपासून हजारो किलोमीटरवरच्या दोन वेधशाळा, आणि दोन्हीकडे अगदी सारखा, खरी लहर आली तर दिसावा तसा. मी अजून तपासू या म्हणत होते, तोवर प्राचार्यांनी फाटकावर बॅनर लावलं. वर तुमचा फोटो, खाली तिचा. बाहेरची समिती येणार होती. गट ठेवायचा की खोली परीक्षा विभागाला द्यायची, ते त्यानंतर ठरणार होतं.

समिती यायची त्याच सकाळी सृजना प्रयोगशाळेच्या दारात उभी.

"मॅडम, तो सिग्नल न्हाय. एकाच वेधशाळेची फाईल मी दोनदा उघडली होती. म्हणून सारखं दिसत होतं."

मी स्वतः उघडून पाहिलं. दुसऱ्या वेधशाळेत त्या क्षणी काहीच नव्हतं. सर, गोंगाटातून सिग्नल वेगळा काढायला तुम्ही शिकवलंत. अशा वेळी पोरीच्या तोंडाकडे कसं बघायचं, ते का नाही शिकवलंत?

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. "आजचा दिवस गप्प बसा मॅडम. दुरुस्ती उद्या करू."

"तिनं नाही सांगितलं तर मी सांगेन," मी म्हणाले. बाहेर सृजना थांबली होती. तिला सगळं ऐकू आलं असावं.

"तुमी नका सांगू. माझं काम हाय, मीच सांगते." मग हळूच म्हणाली, "वडील पण आलेत ऐकायला."

तिचे वडील कारखान्यातून सुट्टी काढून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. ती उभी राहिली, पडद्यावर आलेख आला. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले.

"हा शोध नाही," ती म्हणाली. "ही माझी चूक आहे."

प्राचार्यांनी मान खाली घातली. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "चूक पकडली कुणी?"

"मीच."

"कशी?"

मग ती फळ्याकडे वळली आणि सांगतच राहिली. बाई मध्येमध्ये प्रश्न विचारत होत्या, ती उत्तरं देत होती. शेवटी बाईंनी तिची पाठ थोपटली. पण खोली वाचली नाही, सर.

बॅनर उतरवत होते तेव्हा तिचे वडील फाटकाशी मला भेटले. "मॅडम, पोरगी नापास झाली काय?"

"नाही."

"मग उद्या पाठवतो की."

आता प्रॅक्टिकल संपलं की आम्ही प्रयोगशाळेतच बसतो. नवी मुलं आली की त्यांचा पहिला तास मी घेणार नाही. सृजना घेईल, याच चुकीवर. खोली मला राखता आली नाही. गट मोडू देणार नाही, एवढा शब्द देते.

तुमची विद्यार्थिनी,
वंदना