सीतादई कोण होती

सर, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि मला तुमचा संशय यायला लागलाय. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण तुम्हीच शिकवलंत, की संशय आला की माणूस कोण ते बघायचं नाही, आधी कागद बघायचा. तर मी कागद बघितला. उशिराच बघितला म्हणा, पण बघितला, आणि गुरुवारपासून डोकं नुसतं भणभणतंय. आज रविवारची दुपार आहे, उद्या माझ्या सहीचा एक कागद समितीकडे जायचा आहे, आणि त्याच्या आधी तुमच्याशी भांडून घ्यायचं आहे. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, 'आधी मुद्दा सांग, मग भांड.' सांगते.

माझ्याकडे पीएच.डी.ला एक पोरगी आली आहे, चांदूर बाजारची. बापाचं किराण्याचं दुकान, थोडी शेती, घरात उर्दू, दारात वऱ्हाडी, आणि हिनं सुट्टीच्या दिवशी वर्ग लावून मोडी शिकून घेतलेली. विषय आपलाच, कापसाच्या तेजीचा. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इकडे अमरावती-अकोल्याच्या शिवारात बोंडं फुटायच्या आधीच दलाल बांधावर येऊन बसायला लागले, त्या चार वर्षांचा. संशोधनाचा आराखडा करायचा म्हणून तिला मी तुमचाच नियम सांगितला. आधी कोणी काय लिहून ठेवलंय ते सगळं वाच, प्रत्येक तळटीप धरून उलटी चालत जा, आणि पायवाट जिथे संपते तिथे स्वतः जाऊन उभी राहा. नियम सांगताना मला वाटलंच नाही, की ही खरंच चालत जाईल. पोरं ऐकतात आणि विसरतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. हिनं विसरायचं काही कारण नव्हतं, माझं नशीब.

मंगळवारी सकाळी चहाच्या वेळेला ती विभागात आली आणि टेबलावर एक फोटो ठेवला. तुमचं पत्र, सर. तुमचं म्हणजे बाळापूरकडच्या त्या पाटलाचं, अकोल्याच्या दलालाला लिहिलेलं, ज्याच्यावर तुमचा तो गाजलेला लेख उभा आहे. दलालानं तगादा लावलाय, कापूस कुठे अडला, आणि पाटील उत्तर देतो. तुम्ही छापलेलं वाक्य मला झोपेतही येतं: 'सीतादाई आली नाही, सबब बाया वेचणीस उतरत नाहीत.' त्या एका ओळीतून तुम्ही अख्खी बाई उभी केलीत. वेचणीवाल्या बायांची पुढारीण. ती आल्याशिवाय दीडशे वर्षांपूर्वी एकही बाई कापसाच्या पऱ्हाटीला हात लावत नव्हती, दलाल दारात ताटकळला तरी. मग काय विचारता! लेखावर लेख झाले, पथनाट्यं झाली, पाठ्यपुस्तकात चौकट आली, पुतळा तेवढा व्हायचा राहिला. माझा प्रबंध तिच्यावर, माझं पुस्तक तिच्यावर, माझी नोकरीसुद्धा तिच्याच पुण्याईवर.

"मॅडम, मी जेवढे लेख वाचले ना, ते सगळे दोनच दरवाज्यापाशी येऊन थांबतात," पोरगी म्हणाली. "एक सरांचा, एक तुमचा. अन् तुमच्या दरवाज्यातून आत गेलं का पुन्हा सरांच्याच घरात." मी म्हटलं, बरं मग? तर म्हणते, "सरांच्या पुस्तकात लिहिलं आहे, मूळ पत्र आता पाहावयास मिळत नाही. मी म्हटलं, काहून नाई मिळत? म्हणून अकोल्याले गेली, तिथल्या जुन्या लायब्ररीत. दुसऱ्याच दिवशी मिळालं." आणि बोट ठेवून वाचायला लागली. "इथं काना नाई आहे, मॅडम. दाई नाई, दई आहे. अन् आली नाई, जाली आहे. जाली म्हणजे झाली." मग माझ्या तोंडाकडे बघून एकदम हळू आवाजात, "सीतादई तर आमच्याबी वावरात करतात ना. वेचणीवाल्या बाया करतात, अब्बा दुकानातून दही पाठवतात."

तुम्ही पुण्याचे, म्हणून तुमच्यासाठी फोड करून सांगते, जरी तुम्हाला आता गरज नसली तरी. पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया पऱ्हाटीच्या एका झाडाला हळदकुंकू वाहतात, दहीभात वावरात शिंपडतात, थोडा आपसात खातात, आणि मगच वेचणीची ओटी बांधून तासात, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीत, शिरतात. ती सीतादही. पण आमच्या तोंडात 'ह' काही टिकत नाही. आमी, तुमी, आणि दह्याचं दई. पाटील जसा बोलत होता तसं त्यानं लिहिलं: सीतादई झाली नाही, म्हणून बाया उतरल्या नाहीत. तुम्हाला वाटलं, लिहिणारा काना विसरला. मग तुम्ही पदरचा काना घातलात, 'जाली'ची 'आली' केलीत, आणि दहीभाताची बाई झाली. एका कान्याची बाई! मंगळवारी मला हसू यायला हवं होतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

खोटं कशाला बोलू, पहिला संशय मला त्या पोरीचाच आला. हिला कोणी पाठवलं? गेल्या वर्षी माझ्याशी वाद घातलेला तो शेजारच्या विभागातला तर नाही? मी विचारलंसुद्धा, "हे वाचन तुला कोणी सुचवलं?" ती गोंधळली. "कोणी नाई, मॅडम. तुमीच म्हटलं होतं ना, जाऊन उभी राहा." तिच्या आराखड्याचं पहिलं पान मी वाचत होते आणि आतून जळत होते, कारण आराखडा चांगला होता. ती लिहिते, की पुढारीण नव्हती हीच खरी गोष्ट मोठी आहे. भाव आभाळाला भिडलेला, दलाल बांधावर नाचतोय, पाटील हात जोडतोय, आणि कोणी एक पुढे न येता सगळ्याच बाया म्हणतात, आमचं दही झाल्याशिवाय नाही. आपण दोघांनी मिळून त्या बायांच्या तोंडचा शब्द काढून एका नसलेल्या बाईच्या तोंडी घातला. हे मला तिशीत सुचायला हवं होतं. पंचविशीतल्या पोरीनं सुचवलं. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "विषय बदल."

ती म्हणाली, "काहून?"

मी तिच्या आराखड्याची पानं जुळवत बसले. आणि तिथेच मला तुमची आठवण झाली सर, फार वाईट आठवण झाली. कारण हेच दोन शब्द तुम्ही मला बोलला होतात, आणि मी हेच विचारलं होतं.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. माझा विषय ठरायचा होता, मी सीतादाईवर अडून बसले होते, आणि तुम्ही म्हणालात, 'आधी मला वेचणी दाखव. मी कापूस फक्त गादीत पाहिलाय.' मी तुम्हाला वलगावला आमच्या वावरात नेलं. तुम्ही धोतर सावरत बांधावर उभे आहात, आई समोरून हात हलवत येते. "थांबा मास्तर, पाय नोका टाकू आत. सीतादई झाली नाही अजून." तुम्ही म्हणता, "काय झाली नाही?" आई पुन्हा सांगते. तुम्ही तिसऱ्यांदा विचारता, तर आई माझ्याकडे वळून म्हणते, "मास्तरले ऐकू कमी येते का वं?" बाया खो खो हसतात. तुम्ही हसत नाही. मी तुमच्याकडे बघते आहे. तुमच्या हातावर आई दहीभात ठेवते, तुम्ही तो मुकाट्यानं खाता, एरवी तीनदा वाढून घेणारे तुम्ही पुन्हा मागत नाही. परतीच्या बसमध्ये अमरावती येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहता, आणि उतरताना म्हणता, "विषय बदल." मी काहून विचारलं. तुम्ही पिशवी उचललीत आणि चालू लागलात.

तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला सीतादाई स्वतःकडे ठेवायची आहे. शेतातल्या पोरीला द्यायची नाही. मी हट्टाला पेटले, महिनाभर तुमच्याशी धड बोलले नाही, शेवटी तुम्ही सही केलीत. पुढे एकदा माझ्या प्रकरणाच्या तळटिपेवर लाल पेन्सिलीनं गोल केलात आणि सगळ्या विद्यार्थ्यांसमोर विचारलंत, "हे पत्र तू पाहिलंस का? नाही ना? मग इथे 'पाहा' असं काहून लिहिलंस?" तुमच्या तोंडी 'काहून' ऐकून पोरं हसली आणि मी अपमानानं लाल झाले. तुम्हीच लिहिलंय मिळत नाही म्हणून, मी उलटून बोलले. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. गोल तसाच राहिला, आणि माझं 'पाहा' पण तसंच छापलं गेलं.

म्हणून गुरुवारी मी रजा टाकून अकोल्याला गेले. एसटीनं अडीच तास. पत्र बघितलं, काना नव्हताच. पण माझं मन तेवढ्यावर थांबेना. मी ग्रंथपालांना म्हटलं, वाचकांच्या जुन्या नोंदवह्या काढा. ते कुरकुरले, "बाई, त्याच्यावर धूळ किती आहे तुमाले माईत आहे का?" पण काढल्या. तुमची पहिली सही सापडली, लेखाच्या आधीच्या वर्षातली. आणि मग दुसरी. त्याच बस्त्यासाठी, म्हणजे पत्राच्या त्याच गाठोड्यासाठी, आमच्या वावरातल्या त्या दिवसानंतर चौथ्या दिवशीची. म्हणजे तुम्ही परत गेलात. पुन्हा वाचलंत. तुम्हाला कळलं. आणि त्यानंतर निघालेल्या पुस्तकात तुम्ही लिहिलंत, मूळ पत्र आता पाहावयास मिळत नाही. वा रे वा, सर! आम्हाला तळटिपेचे धडे, आणि स्वतः दाराला बाहेरून कडी! इतका राग मला जन्मात कोणाचा आला नव्हता. तिथेच बाकावर बसून मी रडले, ग्रंथपालांना वाटलं धूळ गेली डोळ्यात.

येताना मूर्तिजापूरपर्यंत मी तुम्हाला मनातल्या मनात सोलून काढलं. मग राग ओसरला आणि एक साधा प्रश्न उरला. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला दई कळलं नाही, ठीक. मी तर सीतादहीचा प्रसाद खात वाढलेली. तुमचा लेख पहिल्यांदा वाचताना माझ्या मनात काही हललं नव्हतं का? वावरात तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत, तेव्हा मी तुमच्याच तोंडाकडे का बघत होते? अकोला अडीच तासांवर, आणि मी इतक्या वर्षांत त्या बस्त्यासाठी एकदाही गेले नाही. पत्र मिळणार नाही म्हणून नाही, सर. मिळेल म्हणून गेले नाही. मला ती बाई हवी होती. आयुष्यभर वावरात वाकून वेचणाऱ्या माझ्या आईसारख्या बायांमधली एक तरी ताठ उभी असलेली हवी होती, आणि ती तुम्ही आयती दिली होतीत. खाई त्याला खवखवे. तुमच्यावर संशय घेण्याचा मला काय अधिकार आहे ते तुम्हीच सांगा.

आज सकाळी पोरीला घरी बोलावलं. विषय बदलायचा नाही, म्हटलं. आराखड्यावर सही केली, आणि तिनं माझ्या पुस्तकाचा उल्लेख जिथे केला होता तिथे माझ्या हातानं लिहून दिलं, की हे वाचन चुकीचं आहे, लेखिकेनं मूळ पत्र पाहिलेलं नव्हतं. ती घाबरून म्हणाली, "मॅडम, एवढं कशाले? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, म्हणू देत, तू चहा घे. उद्या कागद समितीकडे जाईल. माझं पुस्तक आता कोणी वाचणार नाही, आणि मला वाटलं होतं त्याहून हे बरंच जास्त दुखतंय.

तुमच्याबद्दल मात्र मी तिला सांगितलं, की सरांना हे कधी कळलंच नाही. बिचारे पुण्याचे, म्हटलं, त्यांना काय ठाऊक दई म्हणजे काय. तिनं मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला तिनं, सर. आणि जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, पुढच्या आठवड्यात पुन्हा अकोल्याले जाते, जुन्या नोंदवह्या पाहून घेते एकदा.

मी तिला 'जाऊ नको' म्हटलं नाही. पण 'जा' असंही म्हटलं नाही.