तिथं सोडून कुठेही

४ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ वर्षं! नऊ वर्षं बाबांच्या दुकानात गिटारच्या तारा बदलतेय, धूळ पुसतेय. गिऱ्हाईक आलं की चिठ्ठी लिहून गिटारच्या गळ्यात बांधायची — काय मोडलंय, कधी द्यायचंय. बस्स. खरी दुरुस्ती बाबा आतल्या खोलीत करतात, कडी लावून. लोक परक्यांपासून विद्या लपवतात, हे पोटच्या पोरीपासून!

ठरलं. रीतसर कोर्स करणार.

५ फेब्रुवारी

दोन माहितीपत्रकं आली. एक तीन महिन्यांचा कोर्स, घराजवळ. ‘तीन महिन्यांत कुशल कारागीर!’ तीन महिन्यांत लाकूडसुद्धा धड वाळत नाही.

दुसरा वर्षभराचा. बसने दोन तास, शिकवणारे एकटे म्हातारे मास्तर. दुरुस्ती शिकवतात, शेवटी अख्खी गिटार बनवून घेतात. अट एकच — आपल्या हातचं एक काम दाखवायला आणा.

आपल्या हातचं! काय नेऊ, तारांचं वेटोळं?

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा नेहमीसारखे दोन गिटारी घेऊन ‘लाकडाचा रंग जुळवायला’ गेले. दर गुरुवारचं आहे हे. मी संधी साधली. एका गिटारचा ब्रिज सुटला होता — तारा अडकवतात ती पट्टी. बसवला! एकटीने!

७ फेब्रुवारी

कशाचं काय. बाबांनी बघितलं आणि भडकलेच. ‘हा गोंद आहे की सिमेंट? पुढच्याने उघडायचं कसं? सरस लावतात तो कशासाठी? वाफ दिली की जोड सुटतो!’

मान्य, चूक माझी. पण सरसाचं भांडं आतल्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात! ब्रिज मलाच काढायला लावला. मी दोन तास छिन्नीने खरवडत होते, हे हात मागे बांधून उभे. शेवटी तुकडेच निघाले. बोटही कापलं.

वर म्हणतात, ‘चहाचा कप अर्धाच भरत जा, किती वेळा सांगायचं?’ चहातसुद्धा हात आखडता!

११ फेब्रुवारी

बाबांशी कोर्सचं बोलले. तीन महिन्यांच्या कोर्सला लगेच हो. ‘कर की. फी मी भरतो.’ मी बघतच राहिले. मग मास्तरांचं नाव काढलं. चेहराच उतरला त्यांचा.

‘तिथे नाही. तिथं सोडून कुठेही जा.’

‘पण का?’

‘सांगितलं ना!’

आई म्हणाली, ‘नको गं वाद घालूस त्यांच्याशी.’ घालणार! मास्तरांचा हात चांगला असणार, म्हणून जळतात. आता तिथेच जायचं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. अर्जावर दुकानाचा पत्ता लिहिला. दाखवायला दुसरं काय नेणार? त्या ब्रिजचे तुकडेच नेले. मास्तर हसले. ‘ही चूक केलेला माणूस पुन्हा गोंदाला हात लावत नाही. काढताना बोट कापलं का?’ मी दाखवलं. म्हणाले, ‘या सोमवारपासून.’

मला तिथेच उडी मारावीशी वाटली. तेवढ्यात त्यांच्या टेबलावर लक्ष गेलं. मान सुटलेली एक गिटार आडवी ठेवलेली. तिच्या गळ्यात चिठ्ठी — ‘मान सुटलीय. पुढच्या शुक्रवारी द्यायची.’

अक्षर माझं.

मास्तरांनी चिठ्ठी झाकायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. ‘दोन वर्षं झाली,’ ते म्हणाले. ‘दर गुरुवारी येतात. हात थरथरतो, छिन्नी धरवत नाही त्यांच्याने. मुलीला कळू देऊ नका म्हणाले होते.’

१५ फेब्रुवारी

दोन वर्षं! कडी लावून आत नुसते बसायचे? आणि मी काय काय बोलले त्यांना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

तरी राग गेलेला नाही. आधीची सात वर्षं कुणाचा हात थरथरत होता? तेव्हा का नाही शिकवलं? हे कधीतरी तोंडावर विचारणार आहे.

आज नाही विचारलं.

१६ फेब्रुवारी

बाबांना एवढंच सांगितलं — ‘उद्यापासून तिकडे जातेय. गिटारी आता मीच नेत जाईन.’

 बाबांनी खिशातून किल्ली कड्यासकट काढून माझ्यासमोर ठेवली. टेबलावर ठेवेपर्यंत ती खुळखुळत होती.

मी चहा केला. त्यांचा कप अर्धाच भरला, त्यांनी सांगायच्या आत.