सतरा निळी फुलं

४ मार्च
निश्चय: ईस्टरच्या आत नदीकाठच्या चॅपेलचा जीर्णोद्धार पूर्ण. शिवाय त्याचा इतिहास, अंदाजे तीनशे पानं. आत जेमतेम बारा माणसं मावतात, पण बांधकाम बाराव्या शतकातलं. पुरावा नाही. खात्री आहे. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय.

५ मार्च
पोर्तू शहरातल्या पुरातत्त्ववाल्यांना पत्र टाकलं. चुन्याखाली प्राचीन भित्तिचित्र आहे, असं कळवलं. उत्तराची वाट बघत बसणं स्वभावात नाही.

९ मार्च
खरवडायला सुरुवात. झाडलोट करणाऱ्या दोना एतेल्विना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्यात. बरंच झालं, मध्येमध्ये बोलतात. भिंतीवर कुणीतरी ओबडधोबड निळी फुलं काढलेली. सतरा. एकासारखं एक नाही. आधी तीच काढली.

१४ मार्च
गिलाव्याखाली दगड. खांदा धरलाय. प्राचीन चित्रं खोलच असणार.

२० मार्च
पोर्तूचं उत्तर: आम्ही येईपर्यंत कशालाही हात लावू नये. सरकारी कारभार.

२८ मार्च
पोर्तूच्या बाई येऊन गेल्या. म्हणे बांधकाम फार तर दीडशे वर्षांचं. भिंतीवर फुलं होती असं गावात ऐकलं, ती कुठायत, निदान फोटो? नाही म्हटलं. त्यांनी वही मिटली. बहुधा माझ्या कामाचा वेग बघून थक्क झाल्या.

३ एप्रिल
दोना एतेल्विना परतल्या. काठी टेकत भिंतीपाशी गेल्या. मग सांगितलं. मोठ्या पुरात वाइनची पिंपं नेणारे सतरा नावाडी बुडाले. प्रेतं मिळाली नाहीत, त्यामुळे थडगी नाहीत. दोना एतेल्विनांच्या आईने प्रत्येकासाठी एक फूल काढलं. खिडकीजवळचं त्यांच्या वडिलांचं.
पुन्हा रंगवून देतो म्हणालो.
"मास्तर, कुठलं कुणाचं ते तुम्ही सांगणार?"

१० एप्रिल
उपाय सापडला. नावं पुस्तकात छापायची. वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कोबीचं सूप वाढलं. दर रविवारी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका फुलाकडे बघत त्या नाव घ्यायच्या. आज डोळे मिटून बोटं मोजत बसल्या. वडिलांचं धरून नऊ आठवली. दहाव्या बोटावर थांबल्या. बोट तसंच धरून ठेवलं. सूप गार झालं.

१२ एप्रिल, ईस्टर
सगळं गाव वरच्या चर्चमध्ये. चॅपेलात मी एकटा. नावांचं पान पक्कं केलं, आठ ओळी कोऱ्या सोडल्या. सतरापैकी नऊ म्हणजे त्रेपन्न टक्के. माझ्या वर्गात पास झाल्या असत्या.